तुळजापूरचे शारदीय नवरात्र : केव्हा जावे, काय पाहावे

भाद्रपद सरत आला की बरकतपुरा व काचीगुडा परिसरातील मराठी कुटुंबांकडून आमच्याकडे एकच विचारणा सुरू होते : तुळजापूरला कोणत्या दिवशी गेल्यास गर्दी कमी लागेल? ही ओढ स्वाभाविक आहे. १९५६ पर्यंत तुळजापूर हैदराबाद राज्यातच होते आणि आपल्यापैकी अनेकांची कुलस्वामिनी तेथेच आहे. मात्र प्रश्न चुकीच्या टोकाने विचारला जातो, असे आमचे अनुभवांती मत झाले आहे.

एके वर्षी आम्हीही गर्दी टाळण्याच्या हिशेबाने दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी सहकुटुंब गेलो. गाभाऱ्यात पाहतो तो सिंहासन रिकामे! सोबत वृद्ध मातोश्री होत्या. सिंहासनावरील देवीची ओटी भरावी, एवढ्यासाठीच त्या आल्या होत्या. त्या काही म्हणाल्या नाहीत. परंतु परतताना नळदुर्ग मागे पडेपर्यंत एक शब्दही बोलल्या नाहीत. पुढे त्यांना तो प्रवास झेपला नाही. दोष सर्वस्वी आमचा, कारण आम्ही सुट्टी पाहिली होती, तिथी पाहिली नव्हती.

श्री तुळजाभवानीची अष्टभुजा महिषासुरमर्दिनी मूर्ती चल आहे. ती सिंहासनावरून हलविता येते. म्हणूनच येथे देवीची निद्रा हा केवळ संकेत नसून प्रत्यक्ष आचार आहे. भाद्रपद वद्य अष्टमीस देवी शेजघरातील पलंगावर निजते आणि आश्विन शुद्ध प्रतिपदेच्या पहाटे पुन्हा सिंहासनावर येते. त्यानंतर घटस्थापना होते. इकडे आपल्या गल्लीत महालय अमावास्येच्या संध्याकाळी तेलुगू भगिनी बतुकम्मेची पहिली फुले रचतात, तेव्हा तिकडे देवी अजून निजलेलीच असते. दसऱ्याचे सीमोल्लंघन आटोपले की युद्धाने थकलेल्या देवीची श्रमनिद्रा सुरू होते, ती थेट आश्विन पौर्णिमेपर्यंत. आम्ही नेमके याच दिवसांत जाऊन पोहोचलो होतो! (तिसरी निद्रा पौषात, शाकंभरी नवरात्रापूर्वी असते.)

नवरात्रातील नित्याच्या पूजा व निरनिराळ्या अलंकार महापूजा यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांस विचाराल तर या उत्सवाचा खरा आनंद सीमोल्लंघनाच्या पहाटे आहे. पालखी नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून येते, पलंग आंबेगाव तालुक्यातील घोडेगावचा. दोन्ही गावे शेकडो कोस दूर नाहीत, पण जवळही नाहीत. तरी तो मान तेथील घराण्यांकडे पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. मूर्तीस इजा पोहोचू नये म्हणून तिच्याभोवती साड्यांचे जाड दिंड गुंडाळतात. मग पालखीतून मंदिराभोवती प्रदक्षिणा होते. संबळाचा नाद, पोतांच्या तेलाचा वास, उधळलेले कुंकू आणि ‘उदो उदो’चा गजर यांत पालखी दिसते ती क्षणभरच. आपल्या डोक्यावर, खांद्यावर, चष्म्यावर कुंकू साचलेले असते. शेजारी उभी असलेली कर्नाटकातील अनोळखी बाई आपल्या पदराने तुमच्या मुलाचे डोळे पुसते. तासन् तास रांगेत उभे राहून घेतलेल्या दर्शनापेक्षा ही पहाट मनात अधिक काळ टिकते.

उजाडल्यावर गावात हिंडावे. मंदिर खोलगट भागात असल्याने पायऱ्या उतरून जावे लागते. वाटेत कल्लोळ व गोमुख ही तीर्थे लागतात. महाद्वाराबाहेरील दुकानांत कवड्यांच्या माळा, परड्या, बांगड्या मांडलेल्या असतात. गळ्यात कवड्यांची माळ घातलेले आराधी एखाद्या ओसरीवर बसून गात असतात. मुलांना घेऊन तेथे खुशाल अर्धा तास थांबावे. मुले हा आचार ऐकूनच शिकतील, सांगून नव्हे.

कोजागरीस सोलापूर व कर्नाटकातून पायी येणाऱ्यांची अलोट गर्दी असते आणि वाहनांचे मार्गही बदलले जातात. वृद्धांना घेऊन त्या दिवशी निघू नये. त्यांना ओटी भरावयाची असेल तर घटस्थापनेनंतरचे पहिले दोन-तीन दिवस बरे. सीमोल्लंघनास जाणाऱ्यांनी पंचांगावर विसंबून न राहता मंदिराने जाहीर केलेली वेळ पाहावी, आदल्या दुपारीच मुक्कामाची सोय लावावी आणि अंगावर जुने कपडे घालावेत. कुंकवाचा रंग सहजासहजी जात नाही.