मळीच्या टाकीतून निसटणारा कार्बन

जालना जिल्ह्यातील तीर्थपुरीच्या परिसरात ऊस आहे, साखर कारखाना आहे. साखर काढल्यावर उरलेल्या मळीपासून मद्यार्क, म्हणजे इथेनॉल करतात, हे तेथील मुलांनी ऐकलेले असणार. तेथूनच एक हिशेब वर्गात मांडता येईल. ग्लुकोजच्या एका रेणूत कार्बनचे ६ अणू असतात. यीस्ट तो आंबवते तेव्हा इथेनॉलचे २ रेणू तयार होतात आणि त्यांत ४ कार्बन जातात. उरलेले २ कुठे गेले? ते कार्बन डायऑक्साइड वायू होऊन टाकीतून निसटले. वजनात पाहिले तर १८० ग्रॅम ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ९२ ग्रॅम इथेनॉल आणि ८८ ग्रॅम वायू!

हवेत हा वायू जेमतेम ०.०४ टक्के असतो, टाकीतून मात्र तो बराचसा शुद्ध मिळतो. मग ऊन वापरून त्याचाही मद्यार्क करता येणार नाही का?

प्रश्न चांगला आहे. पण कार्बन डायऑक्साइड म्हणजे कार्बनची राखच. राख पुन्हा पेटत नाही, कारण जळताना तिची ऊर्जा निघून गेलेली असते. तिचे पुन्हा इंधन करायचे तर तेवढी ऊर्जा परत भरावी लागते. येथे उत्प्रेरकाबद्दलचा एक गैरसमज दूर करायला हवा. उत्प्रेरक वाट सोपी करतो, पण चढ कमी करत नाही. विहिरीचा रहाट गुळगुळीत चालला तरी पाणी वर ओढायला बैल लागतोच. आपल्या बाबतीत बैलाचे काम प्रकाश करतो.

ते कसे? भिंतीच्या पांढऱ्या रंगात वापरतात ते टायटेनियम डायऑक्साइड घ्या. हा अर्धवाहक आहे. पुरेशा ऊर्जेचा प्रकाश पडला की त्यातला एक इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर उडी मारतो आणि मागे रिकामी जागा राहते. इलेक्ट्रॉन कार्बन डायऑक्साइडला मिळावा आणि रिकाम्या जागेने पाण्यातून इलेक्ट्रॉन ओढून घ्यावा, अशी अपेक्षा असते. जपानमधील फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ मध्ये याच पदार्थाच्या मदतीने प्रकाशात पाण्याचे विघटन केले. १९७९ मध्ये त्यांच्या गटाने अशा भुकट्या पाण्यात कालवून, कार्बन डायऑक्साइड सोडून, मिथेनॉलसारखे पदार्थ मिळाल्याचे प्रसिद्ध केले.

मग इतक्या वर्षांत कारखाने का उभे राहिले नाहीत? अडचणी तीन आहेत. टायटेनियम डायऑक्साइडला अतिनील किरण लागतात आणि उन्हात त्यांचा वाटा ४-५ टक्केच असतो. दुसरी अडचण म्हणजे बहुतेक इलेक्ट्रॉन काही काम करण्याआधीच रिकाम्या जागेत परत पडतात. तिसरी अशी की मिथेनॉलच्या एका रेणूसाठी ६ आणि इथेनॉलच्या एका रेणूसाठी १२ इलेक्ट्रॉन लागतात. एवढे जमण्याआधीच प्रक्रिया मध्येच थांबते किंवा पाण्यापासून नुसता हायड्रोजन निघतो. दृश्य प्रकाश शोषणाऱ्या भुकट्या शोधणे, त्यांवर तांब्याचे कण बसवणे, असे उपाय चालू आहेत.

आकडा पाहू. समजा, १ ग्रॅम भुकटीने तासाला १० मायक्रोमोल मिथेनॉल दिले. म्हणजे ०.३२ मिलिग्रॅम. रोज १० तास ऊन धरले तर दिवसाला ३.२ मिलिग्रॅम. १ लिटर, म्हणजे सुमारे ७९० ग्रॅम मिथेनॉल मिळायला जवळजवळ अडीच लाख दिवस लागतील!

उत्पन्न इतके कमी असले की आणखी एक शंका येते. हा कार्बन खरोखर त्या वायूतलाच आहे का? भुकटी बनवताना तिच्यावर सेंद्रिय पदार्थांचे अवशेष राहू शकतात. नेदरलँड्समधील गीदो मुल आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये कार्बन-१३ हे जड समस्थानिक असलेला वायू वापरून तपासणी केली. तांबे बसवलेल्या टायटेनियम डायऑक्साइडवर तयार झालेल्या कार्बन मोनॉक्साइडमध्ये त्यांना बराचसा साधा कार्बन-१२ सापडला. म्हणजे तो दिलेल्या वायूतून आलेला नव्हता, भुकटीवरच्या अवशेषांतून आलेला होता. मिथेनॉललाही हीच कसोटी लावता येते. साध्या कार्बनच्या मिथेनॉलचा रेणुभार ३२, कार्बन-१३ च्या मिथेनॉलचा ३३.

हीच शिस्त वर्गात शिकवता येते. तीन सारख्या बाटल्या घ्या. पहिलीत गुळाचे कोमट पाणी आणि यीस्ट, दुसरीत फक्त गुळाचे पाणी, तिसरीत साधे कोमट पाणी आणि यीस्ट. तोंडांना फुगे बांधून तासभर ठेवा. पहिल्या फुग्यातला वायू चुन्याच्या निवळीत सोडला की ती दुधाळ होईल. पण तिसरा फुगाही थोडासा फुगलाच तर? मुलांना विचार करू द्या. यीस्टच्या पेशींत स्वतःचा थोडा अन्नसाठा असतो. तो वायू गुळातून आलेला नसतो. भुकटीच्या बाबतीत नेमकी हीच फसगत होत होती.

कार्बन डायऑक्साइडपासून इंधन करण्याच्या बातम्या मुले वाचतात. अशी बातमी वर्गात आली की तीन प्रश्न विचारायला सांगा : ऊर्जा कुठून आली? कार्बन कुठून आला? आणि तिसरी बाटली ठेवली होती का?