कुलूप पक्कं, पण खिडकीचं काय?

व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज कुणालाही, अगदी कंपनीलाही वाचता येत नाही, असं सांगितलं जातं. ते खोटं नाही. एप्रिल २०१६पासून प्रत्येक निरोप पाठवणाऱ्याच्या फोनमध्येच कुलूपबंद होतो आणि किल्ली असते ती घेणाऱ्याच्या फोनमध्ये.

मग २०१९ साली भारतातले पत्रकार, वकील आणि कार्यकर्ते पाळतीच्या जाळ्यात सापडले कसे? इस्रायलच्या एनएसओ कंपनीच्या ‘पेगासस’ या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरने कुलपाला हातच लावला नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या कॉल सुविधेतल्या एका त्रुटीतून ते थेट फोनमध्ये घुसलं. कॉल उचलण्याचीही गरज नव्हती! पाकीट कितीही चिकटवलं तरी वाचण्यासाठी ते उघडावंच लागतं. उघडण्याच्या जागीच चोर बसला तर कुलूप काय करणार? जगभरात सुमारे १४०० जणांना असं लक्ष्य करण्यात आलं.

हे सॉफ्टवेअर आपण फक्त सरकारांनाच विकतो, असं कंपनी सांगत आली. सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने २९ फोन तपासले. पाचांत घातक सॉफ्टवेअर आढळलं, पण ते पेगाससच होतं हे सिद्ध झालं नाही. सरकारने सहकार्य केलं नाही, असं समितीने नमूद केल्याचं न्यायालयाने ऑगस्ट २०२२मध्ये सांगितलं.

सरकारचीही बाजू आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून जमावाने पाच निरपराधांना ठेचून मारलं. अशा अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरूनच पसरत होत्या. गंभीर गुन्ह्यात निरोपाचा मूळ कर्ता शोधून द्यावा, असा नियम २०२१मध्ये आला तो याच कारणासाठी. मात्र त्यासाठी सर्वांचंच कुलूप तोडावं लागेल, असं म्हणत कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली.

खरी अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे पाळतीचा आदेश देतात गृहसचिव आणि तो तपासते सचिवांचीच समिती. त्यात न्यायाधीश नाही.

तोवर निदान आपल्या खिडक्या तरी लावून घ्याव्यात. फोनचे अपडेट टाळू नयेत. बॅकअपला वेगळं कुलूप असतं, ते सेटिंग्जमध्ये जाऊन स्वतःच लावावं लागतं. आणि एवढं करूनही कोण कुणाशी, कधी बोललं याची नोंद कंपनीकडे राहू शकते. पाकिटावरचा पत्ता काही झाकता येत नाही!