सुरकुत्या, लिंबू आणि 'क' जीवनसत्त्व

गेल्या उन्हाळ्यात ओळखीच्या एक शिक्षिका दवाखान्यात आल्या. वय पंचावन्नच्या आसपास. दोन्ही गालांवर काळपट ओघळ उठलेले आणि मुलाचे लग्न तीन आठवड्यांवर आलेले.

"डॉक्टर, सुरकुत्यांवर 'क' जीवनसत्त्व चांगले असे ऐकले. म्हणून चार दिवस तोंडाला लिंबू चोळले आणि गच्चीवर पापड वाळत घालायला गेले," त्या म्हणाल्या.

बाईंनी ऐकले ते खोटे नव्हते. त्यांचे चुकले ते लिंबाच्या बाबतीत. हा घोटाळा अनेकांचा होतो, म्हणून आज थोडे सविस्तर लिहितो.

आपल्या त्वचेला घट्टपणा येतो तो कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांमुळे. हे धागे पक्के विणले जाण्यासाठी 'क' जीवनसत्त्व लागतेच. वयाबरोबर हे धागे विरळ होतात. पण चेहऱ्याचे अधिक नुकसान करते ते ऊन. आपल्या दंडाची आतली बाजू आणि हाताच्या पंजाची पाठ शेजारी धरून पाहा. वय दोन्हींचे एकच, पण कातडीत किती फरक!

आवळा, पेरू, लिंबू आहारात असावेतच. मात्र पोटातून घेतलेले 'क' जीवनसत्त्व त्वचेपर्यंत मर्यादित प्रमाणातच पोहोचते; जास्तीचे लघवीवाटे निघून जाते. म्हणून ते वरून लावण्याची औषधे निघाली. त्यांना सीरम म्हणतात. त्यात ॲस्कॉर्बिक आम्ल साधारण 10 ते 20 टक्के असावे लागते. ते त्वचेत मुरावे म्हणून द्रावणही बरेच आम्लधर्मी ठेवलेले असते. 20 टक्क्यांच्या पुढे फायदा वाढत नाही, आग मात्र वाढते.

आता लिंबू पाहा. 100 ग्रॅम रसात हे जीवनसत्त्व साधारण 50 मिलिग्रॅम, म्हणजे एक टक्क्याचा विसावा भाग! उलट रसातले सायट्रिक आम्ल झोंबते. शिवाय लिंबात, विशेषतः सालीत, अशी काही द्रव्ये असतात की ती अंगावर असताना ऊन लागले तर कातडी भाजते, प्रसंगी फोड येतात आणि मागे राहिलेले डाग कित्येक आठवडे जात नाहीत. बाईंचे नेमके तेच झाले होते.

सीरम घ्यायचेच असेल तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. उजेड, हवा आणि उष्णता यांनी ते नासते. बाटली गडद रंगाची असावी, बूच घट्ट लावावे आणि ती खिडकीत ठेवू नये. द्रावण चहासारखे तपकिरी झाले की फेकून द्यावे. आधी काही दिवस कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावे. खाज किंवा पुरळ आल्यास थांबावे. सकाळी धुतलेल्या, कोरड्या चेहऱ्यावर चार-पाच थेंब पुरतात. त्यावर उन्हापासून बचाव करणारे 30 एसपीएफचे मलम लावावे, कारण सीरम त्याची जागा घेऊ शकत नाही.

परिणाम दिसायला तीनेक महिने लागतात. बारीक रेषा आणि डाग थोडे फिके होतात. खोल सुरकुत्या किंवा लोंबलेली कातडी यांवर त्याचा इलाज नाही. दुकानातून कोणतीही 'गोरेपणाची ट्यूब' मात्र आणू नका. तिच्यात स्टिरॉइड असेल तर कातडी आणखी पातळ होते.

आणि सीरम परवडत नसेल तर? मन खट्टू करू नका. छत्री, डोक्यावर पदर किंवा रुंद काठाची टोपी आणि विडी-सिगारेटला रजा, एवढ्याने त्वचेचे अधिक भले होते.

बाईंचे डाग लग्नापर्यंत गेले नाहीत. मुलाच्या लग्नाच्या फोटोंत ते दिसतात. दिवाळीच्या सुमारास त्या बाजारात भेटल्या, तेव्हा डाग बरेच फिकट झाले होते. पिशवीत लिंबे होती. "सरबतासाठी हं, डॉक्टर!" त्या हसून म्हणाल्या. दुसऱ्या हातात छत्री होती.