पाळीव सशाचा निवारा

हौसेखातर पाळलेल्या सशाच्या राहण्याची सोय. ससा घरात ठेवावा की अंगणात, बागेत वा गच्चीवर पिंजऱ्यात ठेवावा, हा या विषयातील मुख्य प्रश्न होय. त्याचे उत्तर मालकाच्या सोयीपेक्षा प्राण्याच्या मूळ राहणीवर व स्थानिक हवामानावर अवलंबून असते.

मराठीत ‘ससा’ हा एकच शब्द दोन भिन्न प्राण्यांना लावला जातो आणि पुष्कळसे गैरसमज त्यातून उद्‌भवतात. महाराष्ट्रातील माळरानांवर व शेतांत आढळणारा ससा (लेपस नायग्रिकोलिस) बीळ करीत नाही. झुडपाच्या आडोशाला उथळ खळग्यात तो दिवस काढतो. त्याची पिले जन्मतःच केसाळ व उघड्या डोळ्यांची असतात. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये त्यास संरक्षण असल्याने तो पकडून पाळता येत नाही. बाजारात मिळणारे पांढरे, काळे वा चितकबरे ससे मात्र नैर्ऋत्य यूरोपातील ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस या जातीचे वंशज होत. ही जाती समूहाने, जमिनीखालील बिळांच्या जाळ्यात राहते. पिले बिनकेसांची व आंधळी जन्मतात. पहाटे व सायंकाळी चरण्यास बाहेर पडावे आणि ऊन, पाऊस व शत्रू यांपासून बिळात आश्रय घ्यावा, असा तिचा क्रम असतो. पाळीव सशाचे हे बीळ माणसाने काढून घेतलेले असते. त्याच्या जागी काय दिले जाते, यावर निवाऱ्याचा बरेवाईटपणा ठरतो.

आपल्याकडे निर्णायक ठरते ती उष्णता. सशाच्या शरीराचे तापमान सु. ३८.५° ते ४०° से. असते. त्याला घाम जवळजवळ येत नाही आणि धापा टाकूनही फारशी उष्णता बाहेर पडत नाही. कानांतील रक्तवाहिन्या प्रसरण पावून उष्णता बाहेर टाकली जाते. परंतु भोवतालची हवाच शरीराइतकी तापली, तर हा मार्गही निरुपयोगी होतो. साधारणतः १५° ते २०° से. तापमान सशास मानवते. ३०° से.च्या वर त्याचे खाणे मंदावते व नराची प्रजननक्षमता घटते, ३५° से.च्या पुढे उष्माघाताचा धोका असतो. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५° से.पर्यंत जातो. अशा वेळी गच्चीवर पत्र्याखाली ठेवलेला पिंजरा म्हणजे भट्टीच होय. तेथे सावली असली, तरी ती पुरत नाही. भारतात लोकरीसाठी पाळल्या जाणाऱ्या अंगोरा सशांचे संशोधन कुलू जिल्ह्यातील गडसा येथे, तर मांसासाठी पाळावयाच्या सशांचे कोडईकानलजवळील मन्नवनूर येथे चालते. ही दोन्ही ठिकाणे थंड हवेची आहेत, हे लक्षणीय आहे. कोकणात उन्हाची तीव्रता कमी असली, तरी पावसाळ्यातील ओल वाईट. ओल्या, घाण झालेल्या गवतामुळे कॉक्सिडिया या परजीवींचा प्रसार होतो आणि सशाच्या अंगावर माश्या अंडी घालून अळ्या पडतात.

बाहेर ठेवलेल्या सशास मांजर, मुंगूस, भटकी कुत्री व साप यांचे भय असते. शत्रू जाळीपलीकडे असला, तरी भेदरलेला ससा पिंजऱ्यात उसळून मागील पायांच्या जोरदार झटक्याने स्वतःचाच कणा मोडून घेऊ शकतो. साथीच्या रोगांचाही विचार करावा लागतो. मिक्झोमॅटोसिस हा विषाणुजन्य रोग डास व पिसवा यांमार्फत पसरतो. रानटी सशांचा उच्छेद करण्यासाठी ऑस्ट्रेलियात तो १९५० मध्ये मुद्दाम सोडण्यात आला होता. सशांचा रक्तस्रावी रोग प्रथम १९८४ मध्ये चीनमध्ये आढळला. यूरोपात दोन्ही रोगांवर लसी दिल्या जातात.

बागेतील लाकडी पिंजऱ्याची चाल ब्रिटनमध्ये रूढ झाली, ती मुख्यतः मांसासाठी ससे पाळण्यातून. दुसऱ्या महायुद्धातील शिधावाटपाच्या काळात तिला बळ मिळाले. पुढे ससा मुलांचा सवंगडी झाला, पण पिंजरा तसाच राहिला. अमेरिकेत मॅरिनेल हॅरिमन यांच्या १९८५ मधील पुस्तकामुळे आणि १९८८ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या ‘हाउस रॅबिट सोसायटी’मुळे ससा मांजराप्रमाणे घरात मोकळा ठेवण्याच्या प्रथेस चालना मिळाली. ब्रिटनमधील सशांच्या कल्याणासाठी काम करणारी संस्था दोन सशांसाठी किमान ३ मी. लांब, २ मी. रुंद व १ मी. उंच अशी अखंड जागा सुचविते.

घर हाही आपोआप चांगला निवारा होत नाही. ससा एका ठरावीक कोपऱ्यात मलमूत्र विसर्जन करीत असल्याने त्यास तबकाची सवय लावता येते. निर्बीजीकरणानंतर ती अधिक सहज लागते. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून कुरतडण्याची प्रवृत्ती दाबता येत नाही; विजेच्या तारा मात्र झाकाव्याच लागतात. तळपायांना गाद्या नसून केवळ केस असल्याने गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय घसरतात, तर तारेच्या जाळीवर टाचांना जखमा होतात. दोन्ही ठिकाणी चटई वा गवत पसरणे इष्ट. सूर्यप्रकाश मुळीच न मिळाल्यास रक्तातील ड जीवनसत्त्व घटते. एकट्या सशाला लहान पिंजऱ्यात कोंडल्यास तो दिवाणखान्यात आहे की परसात, याने फारसा फरक पडत नाही.

महाराष्ट्राच्या मैदानी भागात म्हणूनच मधला मार्ग श्रेयस्कर ठरतो. दिवसा घरातील थंड, हवेशीर खोली व तीत लपण्यास अंधारी पेटी असावी. सकाळी लवकर वा सूर्यास्ताच्या सुमारास अंगणातील कुंपणात, कोणाच्या तरी नजरेखाली, सशास हिंडू द्यावे. ससा माती उकरून निसटतो, त्यामुळे कुंपणाची जाळी जमिनीत सु. ३० सेंमी. खोल पुरतात. महाबळेश्वरसारख्या थंड ठिकाणी कोरडा, वाऱ्यापासून सुरक्षित असा बाहेरचा निवाराही चालतो, कारण उष्म्यापेक्षा थंडी सशास अधिक सोसते. ससा तोंड उघडून श्वास घेऊ लागला, लाळ गळू लागली वा अंग टाकून पडला, तर त्यास तत्काळ सावलीत हलवून कान थंड (बर्फाच्या नव्हे) पाण्याने ओले करतात व पशुवैद्याकडे नेतात.