मालेगावचा उलटा स्वल्पविराम

वही आठवीतल्या मुलाची, निबंध इंग्रजी. अक्षर मोत्यासारखं, पण स्वल्पविराम सगळे उलटे, शेपट्या वर. वाक्य संपलं की टिंबाऐवजी छोटी आडवी रेघ. लाल पेन उचललं आणि तसंच खाली ठेवलं. पोरगा उर्दू माध्यमातून आलेला. त्याच्या लिपीत हे सगळं बिनचूक होतं. उर्दूत स्वल्पविरामाची शेपटी वर असते, प्रश्नचिन्हाचं तोंड दुसरीकडे असतं आणि पूर्णविराम म्हणजे रेघच. ओळ उजवीकडून डावीकडे जाते. मध्येच आकडा आला की तेवढा डावीकडून उजवीकडे लिहायचा. एवढी कसरत रोज करणाऱ्याला काय रागवायचं?

मालेगावात इंग्रजी शिकवायला बसलं की समोर एकाच्या घरी उर्दू असते, दुसऱ्याच्या घरी अहिराणी. इंग्रजी राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच आहे. तरी विरामचिन्हं आठवी-नववीपर्यंत अंगवळणी पडत नाहीत.

उलट्या शेपट्या पाहून मराठी माध्यमाची पोरं हसतात. त्यांना मी मोडीचा कागद दाखवतो. आधी ओळभर शिरोरेषा ओढायची, मग तिच्याखाली अक्षरं लटकवत जायची. शब्द सुटे नाहीत, विराम नाही. पोथीत फार तर एक दंड, नाहीतर दोन. स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह ही सगळी मंडळी इंग्रजीतून आली. त्यांना मराठीत रुळवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना देतात. ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे त्यांचं पुस्तक १८५० सालचं. मग हसू जरा आवरतं.

चिन्हं तिकडून आली, पण इथे येऊन त्यांनी इथल्या सवयी लावून घेतल्या. मराठीत आपण बिनदिक्कत लिहितो, ‘तो म्हणाला की, मी येतो.’ याच सवयीने मुलं ‘ही सेड दॅट’ लिहून पुढे स्वल्पविराम ठोकतात. माझ्याकडच्या वह्यांत सर्वांत जास्त सापडणारी चूक हीच. इंग्रजीत बोलणं अवतरणचिन्हात जसंच्या तसं द्यायचं असेल तर ‘सेड’नंतर स्वल्पविराम येतो. ‘दॅट’ आलं की तो स्वल्पविरामही जातो आणि अवतरणचिन्हंही. शिवाय आपल्या ‘की’नंतर ‘मी’ हा मीच राहतो. ‘दॅट’नंतर त्याचा ‘तो’ होतो आणि काळही एक पाऊल मागे सरकतो: ‘ही सेड दॅट ही वॉज कमिंग.’ प्रश्नाचंही तसंच. ‘मी विचारलं, तू कुठे चाललास?’ हे ‘आय आस्क्ड हिम व्हेअर ही वॉज गोइंग’ झालं की शेवटी साधा पूर्णविराम. विचारल्याची ती नुसती बातमी असते, प्रश्न नव्हे. एवढं एक उलगडलं की निम्मी वही सुधारते.

‘अ’ लावायचा की ‘अ‍ॅन’, यात मात्र देवनागरी आपली वकील आहे. शब्द जसा ऐकू येतो तसा देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर ‘अ‍ॅन’, व्यंजन असेल तर ‘अ’. ‘अवर’चं स्पेलिंग एचने सुरू होतं, पण कानाला ‘अ’ लागतो, म्हणून ‘अ‍ॅन अवर’. ‘युनिव्हर्सिटी’त ‘य’ आहे, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. ‘अ‍ॅन एम. ए.’, पण ‘अ बी. ए.’.

जिथे कान फसतो ते ठिकाण म्हणजे ‘इट्स’. ‘इट इज’ आणि ‘त्याचं’, दोन्ही कानाला ‘इट्स’च. तिथे ‘इट इज’ घालून बघायचं. वाक्य चाललं तर वरचा स्वल्पविराम द्यायचा, नाहीतर नाही.

‘सर, एका स्वल्पविरामाने काय बिघडतं?’ हा प्रश्न दरवर्षी येतो. मग मी अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या ओकहर्स्ट डेअरीच्या ड्रायव्हरांची गोष्ट सांगतो. यंत्रमागाच्या गावात ओव्हरटाइम म्हणजे काय ते वेगळं समजावावं लागत नाही. मेनच्या कायद्यात ओव्हरटाइम लागू नसलेल्या कामांची यादी होती. तिच्या शेवटी ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’, आणि ‘शिपमेंट’नंतर स्वल्पविराम नाही. ड्रायव्हर म्हणाले, वगळलंय ते पॅकिंग, मग ते रवानगीसाठी असो की वाटपासाठी. आम्ही पॅकिंग करत नाही, माल पोचवतो. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने कायद्याचा अर्थ संदिग्ध ठरवून त्यांच्या बाजूने कौल दिला. पुढच्या वर्षी कंपनीने ५० लाख डॉलरवर तडजोड केली. कायदेमंडळाने यादी नव्याने लिहिली ती स्वल्पविरामांऐवजी अर्धविराम घालून. एरवी अर्धविरामाकडे ढुंकूनही न बघणारी पोरं तेवढ्यापुरती कान टवकारतात.

त्या आठवीतल्या वहीत मी एकही लाल गोल केला नाही. समासात दोन स्वल्पविराम काढले, एक शेपटी वर, एक खाली, आणि कुठला कुठल्या भाषेचा ते त्यालाच लिहायला सांगितलं. पुढच्या निबंधात सगळ्या शेपट्या खाली आल्या होत्या. कव्हरवर त्याने आपलं नाव मात्र लहान अक्षराने सुरू केलं होतं. कॅपिटल अक्षर उर्दूत नाही, मराठीतही नाही. त्या चुकीला हसणारं वर्गात कोणीच निघालं नाही. अर्ध्या वह्यांवर तेच होतं.