पऱ्हाटीपासून सदऱ्यापर्यंत



कापूस काट्यावर घातला, पैसे मिळाले, की आपला त्याच्याशी संबंध संपला असं आपण धरून चालतो. पण तसं नाही. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते. तिच्या गठाणी बांधून सूतगिरणीत जातात. पुढे विणाई, रंगाई, शिवण. परदेशातले मोठे कापड-खरेदीदार आता विचारू लागले आहेत की, या कापसावर औषध किती मारलं? रंगाईचं पाणी कुठं सोडलं? पाण्याचं उत्तर कारखानदारानं द्यायचं आहे. औषधाचं उत्तर आपल्या वावरात आहे.

परदेशातलं राहू द्या. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, हवा दमट, दोन-तीन औषधं एकाच पंपात कालवलेली, तोंडाला साधा रुमालही नाही. म्हणून दुकानदार म्हणेल ते मिश्रण मारू नका. वाऱ्याच्या उलट दिशेनं फवारू नका. हातमोजे, तोंडावर मास्क, पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच. मळमळ, चक्कर किंवा डोळ्यांपुढं अंधारी आली, तर काम सोडून थेट दवाखाना गाठा आणि औषधाची बाटली सोबत न्या. ती पाहून डॉक्टरला उपाय ठरवता येतो.

मग फवारायचं केव्हा? गुलाबी बोंडअळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे लावा. सलग तीन रात्री सापळ्यात रोज आठ किंवा जास्त पतंग सापडले, किंवा निरनिराळ्या झाडांची २० हिरवी बोंडं फोडून दोन बोंडांत अळी दिसली, तरच औषधाचा विचार करा. शेजाऱ्यानं मारलं म्हणून आपण मारायचं, ही खोड फार महागात पडते. डोमकळ्या दिसल्या की तोडून अळीसकट नष्ट करा. सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क पुरतो. त्यानं ढालकिडा वाचतो आणि तो मावा फुकटात खातो.

वेचणीबद्दलही सांगायला हवं. एका जिनिंगमध्ये मी पाहिलं, बाया बसून कापसातून खताच्या पोत्याचे धागे वेचत होत्या. या प्लास्टिकच्या धाग्याला रंग चढत नाही. तो सुतात गेला की रंगवलेल्या कापडावर पांढरी रेघ उमटते आणि ताग्याचा तागा नापास होतो. तेव्हा वेचणीला सुती कापडाचीच झोळी घ्या. दंव उडाल्यावर वेचा. कवडी कापूस वेगळा ठेवा. ओल १२ टक्क्यांच्या वर गेली तर सरकारी खरेदीत माल परत येतो, म्हणून ताडपत्रीवर नीट वाळवा.

डिसेंबरअखेर पीक संपवा. फरदडीचे चार पैसे दिसतात खरे, पण पुढल्या सालची अळी तिथंच पोसते. पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नका. यंत्रानं बारीक करून खताच्या खड्ड्यात घाला.