हलवलेल्या कागदाचा पत्ता

नागपुरातल्या एका वृद्ध कामगाराच्या ग्रॅच्युइटीसाठी आम्ही त्याच्या गिरणीच्या कचेरीत दोन महिने खेटे घातले. नोंदवहीत स्पष्ट होते : 'जुने हजेरीपट, बस्ता 14, पश्चिमेकडील कपाट.' कपाट मात्र रंगकामाच्या वेळी हललेले. कागद शाबूत, नोंदही शाबूत. दोहोंची गाठ तेवढी सुटलेली. आणि खोटा ठरला कोण? आमचा कामगार!

संगणकाच्या कामातही हेच घडते. सॉफ्टवेअर लिहिणारे फाइली कप्प्याच्या आत कप्पा करून ठेवतात आणि माहितीपत्रकात 'अमुक कप्प्यातील अमुक फाइल पाहा' असा पत्ता देतात. पुढे कोणी फाइल हलवतो. सॉफ्टवेअर चालतच राहते, म्हणून चुकलेला पत्ता कोणाच्या लक्षात येत नाही. अडतो तो कालपरवा कामावर लागलेला पोरगा.

जगभरचे लोक मिळून लिहितात त्या लिनक्समध्ये 2016 पासून माहितीपत्रके नव्या मांडणीत जाऊ लागली. फाइलींची नावे बदलली, जुने उल्लेख लटकत राहिले. हे हुडकायला त्यांच्यापाशी एक छोटा तपासनीस प्रोग्रॅम आहे. तो प्रत्येक उल्लेख वाचतो, त्या जागी फाइल नसेल तर तसे सांगतो, दुरुस्तीही सुचवतो. परंतु ती अंदाजाने. फाइलीतला मजकूर शिळा असला तर त्याला काय कळणार! तिथे माणूसच हवा, आणि त्या माणसाचा वेळ कामाच्या तासांत धरला पाहिजे, हे आम्ही मालकांना सांगत आलो आहोत.

बस्ता 14 अखेर जिन्याखाली सापडला.